मागच्या खोलीतली चार पिल्लं

गेल्या मे महिन्यात आपल्या मागच्या खोलीत मांजरीची चार पिल्लं होती. त्यांतलं एक आज समोरच्या गादीवाल्या चाचांच्या दुकानात वाढतं आहे. बाकीच्या तिघांबद्दल मी तुला जे सांगितलं, ते खोटं होतं. तुम्ही दोघं भावंडं येत्या पंधरा दिवसांत परदेशातून इकडे कारंज्याला याल. त्याआधी हे लिहून तुझ्या हाती पडावं, अशी माझी इच्छा आहे. भाऊ अजून लहान आहे. त्याला यातलं किती सांगायचं, ते तू ठरव.

आधी मी इंग्रजीतून लिहायला घेतलं होतं, तुला वाचायला सोपं जावं म्हणून. पहिल्याच पानावर ‘ॲक्सिडेंट’ हा शब्द हातून सहज उतरला आणि मी ते पान फाडलं. मराठीत लिहिताना मला अशी पळवाट लगेच सापडत नाही. अडलं तर आईकडून वाचून घे.

सुरुवात तुझ्या त्या रॉक गायकापासून झाली. तू गिटार शिकायला लागलीस आणि तुझ्या भिंतीवर त्याचा फोटो लागला. फोनवर तू मला त्याचं एक गाणं ऐकवलंस. आपल्याकडे कामाला येणारी काकू तेव्हा भांडी घासत होती. ती म्हणाली, “मॅडम, हा कायले बोंबलून राह्यला बाप्पा? कोनं मारलं त्याले?” तू तिकडे हसून लोळलीस. मला मात्र गाण्यापेक्षा तू नंतर सांगितलेलं लक्षात राहिलं. हजारो लोकांसमोर गर्जना करणारा हा माणूस लहानपणापासून अखेरच्या दिवसांपर्यंत मांजरांशिवाय राहिला नाही. गाण्याच्या दौऱ्यावर कुठेही असला तरी घरी फोन करायचा आणि माणसांच्या आधी मांजरांची चौकशी करायचा. कोण जेवलं, कोण रुसलं, कोण कुठे झोपलं, सगळं.

“आजी, मी पण तसंच करणार,” तू म्हणालीस.

तेव्हापासून रोज सकाळी बरोबर सात वाजता, म्हणजे तिकडे तुझ्या झोपायच्या वेळी, तुझा फोन यायला लागला. मी आपल्या पट्ट्यापट्ट्यांच्या मांजरीसमोर फोन धरायची. तू बोलायचीस, ती पडदा हुंगायची आणि तोंड फिरवून निघून जायची. त्या गायकाच्या घरीही असं फोन धरून उभं राहणारं कुणीतरी असणार, असं माझ्या मनात यायचं. त्याने मांजरांवर किती जीव लावला हे सगळ्या जगाला माहीत आहे. पण तो दूर असताना त्या मांजरांचं बरं-वाईट या दुसऱ्या माणसाच्या हातात होतं. तेव्हा मला ही गंमत वाटली होती.

एप्रिलच्या शेवटी मांजरी मागच्या खोलीत व्याली. गव्हाच्या पत्र्याच्या तीन कोठ्या भिंतीशी उभ्या असतात, त्यांच्या मागे एका जुन्या वाकळीवर. दोन पिल्लं आईसारखी पट्टेरी, एक काळं कुळकुळीत, आणि एक पांढरं, ज्याचा एकच कान काळा होता. पांढरं तुझं, असं तू पहिल्याच दिवशी जाहीर केलंस. जूनमध्ये तुम्ही याल तेव्हा ते तुझ्या उशाशी झोपणार होतं. तुमची झोपायची खोलीही तीच होती. जाड भिंतींमुळे मे महिन्यातही ती थंड राहते, म्हणून मीच ती ठरवली होती. चाचांना तुमच्यासाठी दोन नव्या गाद्या भरायला सांगितल्या होत्या.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात किन्हीराजाहून तुझ्या आजोबांचे चुलतभाऊ वर्षाचा गहू घेऊन आले. दरवर्षी मी गहू वाळवते, निवडते, आणि कोठीत भरताना कापडाच्या पुरचुंड्या बांधून पाऱ्याच्या गोळ्या टाकते. प्रत्येक कोठीवर चिठ्ठी चिकटवते. कधी भरला, कोणाच्या शेतातला, कधी उघडायची. या वेळी दीर म्हणाले, “वैनी, पाऱ्यानं आता सोंडे मरत नाईत. ह्या टाका. दोन वर्सं किडा फिरकनार नाई.” वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या करड्या गोळ्या त्यांनी माझ्या हातावर ठेवल्या. डबी नव्हती, त्यामुळे लेबल नव्हतं.

मी खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा चष्मा लावून वाचल्याशिवाय उघडत नाही, हे तुला माहीत आहे. पण वाचायला काही नव्हतं, आणि पोतं पाठीवर घेऊन आलेल्या घरच्या माणसाला “याचं लेबल कुठे आहे” असं विचारणं मला बरं वाटलं नाही. मी नेहमीसारख्या पुरचुंड्या बांधल्या, तिन्ही कोठ्यांत सोडल्या, झाकणं लावली आणि चिठ्ठ्या चिकटवल्या. गरम झळ येऊ नये म्हणून खोलीची खिडकी त्या दिवसांत बंदच असायची. मांजरीला ये-जा करायला दार वीतभर उघडं ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तेव्हा वाकळ रिकामी होती. शोधलं तर मांजरीने चारही पिल्लं न्हाणीघरात, पाण्याच्या टाकीमागच्या ओल्या कोपऱ्यात नेऊन ठेवलेली. तू म्हणालीस, “आजी, तिथे अंधार आहे, मला काहीच दिसत नाही.” मी त्यांना उचलून परत वाकळीवर ठेवलं. मांजरी मागेमागे आली, दारातच थांबली आणि ओरडत राहिली. तिचं ते ओरडणं वेगळं होतं. भुकेचं नव्हतं. मी तिला दूध दिलं, तिने पाहिलंही नाही.

त्याच दुपारी तिने पिल्लं पुन्हा हलवली. या वेळी स्वयंपाकघराच्या माळ्यावर. एकेकाला मानेला धरून ती उभ्या भिंतीवरून कशी चढली असेल, कोण जाणे. मी स्टूल घेऊन त्यांना पुन्हा खाली आणलं.

काकू माझ्याकडे बघत उभी होती. “काहून आनता तिले वापस? तिचे पोट्टे, तिची अक्कल.”

“अगं, नात रोज बघते ना त्यांना.”

“मांजर उगाच जागा नाई सोडत, मॅडम. त्या खोलीत काहीतरी हाय. मलेबी तिथं झाडाले गेलं का मळमळते.”

“ऊन लागलंय तुला.”

“ऊन त साऱ्या घरात लागते. ओकारी त्याच खोलीत काहून येते?” असं म्हणून तिने पदराला बांधलेला कांदा हुंगला. उन्हाळ्यात आपल्याकडे बायका कांदा जवळ ठेवतात, त्याने ऊन बाधत नाही म्हणतात. “तुमी शिकल्या-सवरल्या. तुमाले नाई पटनार.”

नाही पटलं, हे खरं आहे. का पटलं नाही, तेही तुला कळायला हवं. माझ्या वडिलांनी, तुझ्या पणजोबांनी, तरुणपणी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवसापासून आमच्या घरातून शकुन-अपशकुन गेले. मी शाळेत जाताना मांजर आडवं गेलं तर गल्लीतली माणसं थबकायची, थुंकायची, दुसरं कोणीतरी आधी जाईल म्हणून वाट बघायची. वडील माझा हात धरून सगळ्यांच्या पुढे तो रस्ता ओलांडायचे. “त्याला त्याचं काम आहे, आपल्याला आपलं,” म्हणायचे. कुणी “खोलीत काहीतरी आहे” म्हणालं की माझी मान आपोआप ताठ होते. काकू भुताबद्दल बोलते आहे असं मी धरून चालले. तिने भूत हा शब्द काढलाही नव्हता. ती फक्त तिच्या पोटात काय होतं, ते सांगत होती.

माझंही डोकं रोज सकाळी दुखत होतं. तुझ्याशी बोलून खोलीबाहेर आलं की कपाळावर कुणी दोरी आवळावी तसं. मी बीपीची गोळी वेळेवर घेतली का, ते वहीत तपासलं. घेतलेली होती. खोलीत थोडा लसणीसारखा वास यायचा. गव्हाच्या पोत्यांबरोबर गावाकडची लसूणही आली होती, ती स्वयंपाकघरात टांगलेली होती. तिचाच वास असेल म्हटलं.

चौथ्या दिवशी काळं पिल्लू मेलं.

सात वाजायला पाच मिनिटं होती. मी त्याला वर्तमानपत्रात गुंडाळून काकूसाठी मागच्या अंगणात ठेवलं, हात धुतले आणि तुझा फोन घेतला. तू विचारलंस, “काळं कुठे आहे?” मी म्हटलं, “आईच्या पोटाखाली, दूध पितंय.” फोन मी असा तिरका धरला की पोटाखालचं काही दिसू नये. तू पांढऱ्याला तुझ्या गायकाचं गाणं गुणगुणून दाखवलंस. ते डोळे मिटून पडलं होतं. तू म्हणालीस, “आजी, बघ, ते ऐकतंय.”

लहान पिल्लांमध्ये एखादं जातंच, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पाचव्या दिवशी मांजरी तिन्ही पिल्लं घेऊन रस्ता ओलांडून चाचांच्या दुकानात गेली. गाद्यांसाठी पिंजलेल्या कापसाच्या ढिगात तिने त्यांना ठेवलं. चाचा स्वतःच सांगायला आले. “मास्तरीनबाई, तुमच्या घरचे पाव्हने आले आमच्याकडे. कापसाचं भाडं कोन देईन?”

“आणते मी घेऊन.”

“राहू द्या की! हमारे यहाँ बिल्ली को कोई नहीं भगाता. तीन दिवसांनी स्वतःच येईन.”

“नाही चाचा, नातीला सकाळी दाखवायची असतात. तुमचं दुकान नऊला उघडतं.”

ते हसले. “बच्ची का हुकूम, मग काय!” त्यांनी पिल्लं माझ्या पदरात टाकली. मांजरीने माझ्या हाताला बोचकारलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. माझ्या मनगटावरचा तो व्रण तू गेल्या वर्षी पाहिलास आणि विचारलंस, तेव्हा मी काट्याने ओरखडलं म्हणून सांगितलं.

त्या संध्याकाळी मी पिल्लं वाकळीवर ठेवली, मांजरीला आत घेतलं आणि दार लावलं. पुन्हा नेऊ नयेत म्हणून. पूर्ण लावलं. बाहेरून कडी घातली. आत पाण्याची आणि दुधाची वाटी ठेवली होती, सगळं व्यवस्थित. दाराच्या आतून ती नखांनी ओरबाडत होती, ते मी ऐकलं. थोड्या वेळाने थांबली. मला वाटलं, रुळली.

सकाळी पावणेसातला कडी काढली. वास आता चांगलाच जाणवत होता. मांजरी दारालाच लागून आडवी पडली होती, जीभ बाहेर, पोट भरभर हलत होतं. तिच्या पंज्याजवळ एक पट्टेरी पिल्लू, जिवंत. तिने त्याला वाकळीवरून तिथपर्यंत ओढत आणलेलं असावं. दुसरं पट्टेरी खोलीच्या मध्यावर होतं. पांढरं वाकळीवरच राहिलं होतं. ती दोन्ही थंड होती.

सात वाजले. फोन माझ्या हातातच वाजला. तुझा फोटो पडद्यावर आला. मी तो बंद केला.

मांजरीला आणि त्या एका पिल्लाला अंगणात सावलीला आणलं. काकू आली. बाकी दोघांना जुन्या फडक्यात गुंडाळून तीच घेऊन गेली. मला वाटलं, मांजरांची कसली तरी साथ आहे. नऊ दिवसांनी तुम्ही येणार, खोली फिनेलने धुवायला हवी, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी बादली भरत होते. विचार कर, मी त्या खोलीत तुमच्यासाठी फिनेल टाकायला निघाले होते.

नऊच्या सुमारास चाचा डोक्यावर दोन्ही गाद्या घेऊन आले. “कुठं टाकू?”

“त्याच खोलीत. कोठ्यांपासून थोड्या लांब.”

ते दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यातच थांबले. गाद्या डोक्यावरच होत्या.

“लसूण कुटून राह्यल्या का इथं?”

“नाही हो, ती स्वयंपाकघरात आहे.”

त्यांनी एकदा कोठ्यांकडे पाहिलं, अंगणात पडलेल्या मांजरीकडे पाहिलं. “बाई, गव्हात काय टाकलं तुमी?”

“गोळ्या. किड्याच्या. करड्या रंगाच्या.”

गाद्या त्यांनी जागच्या जागी खाली टाकल्या. माझ्याशी आजवर एकदाही आवाज न चढवलेला माणूस ओरडला, “भाईर व्हा! पहिले भाईर व्हा म्हनतो ना! ओ काकू, तुमीबी! सोडा ते झाडू!”

आम्ही रस्त्यावर आलो. तोंडाला ओला गमछा बांधून ते घराला वळसा घालून मागे गेले आणि बाहेरूनच खिडकीची काच फोडली. मग परत येऊन आमच्या शेजारी पायरीवर बसले.

“धान्याच्या गोदामात ह्याच गोळ्या टाकतात,” ते म्हणाले. “टाकल्या का आठ-आठ दिवस कुलूप. हमाल बी पाय नाई टाकत. त्याची हवा होते, बाई. दिसत नाई. झोपल्या मानसाले उठू देत नाई.” मग त्यांनी विचारलं, “लेकरं कधी येनार?”

“नऊ दिवसांनी.”

“याच खोलीत झोपनार होते?”

मी हो म्हटलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि मान खाली घातली. काकू रडायला लागली. मला रडू आलं नाही. मी मनाशी मोजत होते, मांजरीने मला किती वेळा सांगितलं. न्हाणी, माळा, दुकान. तीन वेळा ती पिल्लांना वाचवून घेऊन गेली आणि तीन वेळा मी त्यांना उचलून परत आत ठेवलं. तिसऱ्यांदा दाराला कडीही लावली.

त्या दिवशी आम्ही दोघींनी डॉक्टरांना दाखवलं. थोडक्यात निभावलं होतं. कोठ्या कशा काढायच्या ते बाजारातल्या एका जाणत्या माणसाला विचारून चाचांनी दोन दिवसांनी माणसं लावली. तो गहू कुणाच्याच पोटात गेला नाही. दिरांना मी फोन केला. ते म्हणाले, “वैनी, आमी त गोठ्याजवळच्या खोपटात टाकतो. तिथं चारीकडून वारा असते.” त्यांच्या खोपटाला दार नाही. माझ्या खोलीला होतं, आणि मी ते नीट लावते.

दुसऱ्या दिवशी सातला तुझा फोन आला. तू रुसली होतीस, काल का उचलला नाही म्हणून. मी वाक्य तयार ठेवलं होतं. “अगं, मांजर पिल्लांना सात घरं फिरवते. आपल्याकडे म्हणतातच. तिने नेली सगळी.” मला वाटलं होतं तू रडशील. तू टाळ्या वाजवल्यास. “म्हणजे ती टूरवर गेली!” तू ओरडलीस आणि भावाला बोलवायला धावलीस.

त्यानंतर मला खरं सांगता आलं नाही.

तुम्ही आलात. गाद्या मी पुढच्या खोलीत, कुलरसमोर टाकल्या. मागच्या खोलीला कुलूप पाहून तुझ्या आईने विचारलं, तर म्हटलं, छत गळतंय. पाऊस सुरू होण्याआधी कुठलं छत गळतं? तिने कुलूप एकदा ओढून पाहिलं आणि बॅगा पुढच्या खोलीत नेल्या. मांजरी तोवर बरी होऊन चाचांच्याच दुकानात राहिली होती. ती आपल्या कुंपणाच्या भिंतीपर्यंत येते, बसते, घराकडे बघते. तिने आजपर्यंत फाटकाच्या आत पाऊल टाकलेलं नाही. मी बाहेर जाऊन दूध ठेवते. मी आत गेल्यावरच ती पिते.

आणि तू दुसऱ्याच दिवशी वही घेऊन निघालीस. पहिलं घर चाचांचं, तिथे एक पट्टेरी मिळालं, ते तू वहीत लिहिलंस. मग शेजारचं, मग त्याच्या पलीकडचं. “आमच्या मांजरीचं पांढरं पिल्लू तुमच्याकडे आलंय का?” असं तू तुझ्या मराठीत विचारत होतीस. सगळ्या गल्लीला काय झालं ते माहीत होतं. एकाही माणसाने तुला सांगितलं नाही. कुणी बिस्कीट दिलं, कुणी सरबत दिलं, कुणी म्हणालं, “काल दिसलं होतं बा, पाह्यतो आम्ही.” मी फाटकात उभी राहून हे ऐकत होते. हाक मारून तुला परत बोलवावं, एवढंच करायचं होतं. संध्याकाळी तू उन्हाने लाल होऊन आलीस आणि म्हणालीस, “चार घरं झाली, आजी. तीन पुढच्या वर्षी.”

गेल्या महिन्यात फोनवर तू विचारलंस, ती तीन घरं कुठली असतील, मी पाहून ठेवलीत का. म्हणून हे लिहायला बसले.

त्या घरांत जाऊ नकोस. तिथे कुणी नाही. मागच्या अंगणात सीताफळाचं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी काकूने तिघांनाही पुरलं. पांढरं मधोमध आहे. तुला ती जागा बघायची असेल तर मी दाखवीन. माझ्याबरोबर यायचं नसेल तर काकू दाखवेल, तिला मी तसं सांगून ठेवलं आहे.